आईची डिस्क

जगाचे कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या धाकट्या भावाने आईची जुनी हार्ड डिस्क आपल्या मशीनमध्ये दुसरी डिस्क म्हणून बसवली. ताई जीव मुठीत धरून शेजारी बसली होती. आई गेल्यावर तिचे फोटो काय ते त्यातच उरले होते.

दुपारच्या मऊ उन्हात पडद्यावर एकेक फोटो उमलू लागला. आई खिडकीत केस वाळवत होती. आई लोकर गुंडाळत होती.

"बघ, उगाच जिवाला घोर लावून घेतलास."

ताई डोळे पुसत हसली. "तुझ्या हाताला यश आहे रे!"

चहाचा कप ठेवताना त्याला डिस्कची डेटा केबल दिसली. ती टेबलावरच वेटोळं करून पडली होती. जोडायचीच राहिली होती.

ताईला सांगायला त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात पुढचा फोटो उमलला.

आई थेट त्याच्याकडे बघत होती, ओठांवर बोट ठेवून.