कोण सांभाळणार?

चहा निवून गेला तरी विश्राम केळुसकर स्क्रीनसमोरून हलला नव्हता. तरुणपणी त्याने वेबसाइटवर तारीख निवडायचा एक छोटा प्रोग्राम लिहून फुकट वाटला होता. आता बँकांपासून दवाखान्यांपर्यंत सगळे त्यावर विसंबून होते. आज त्याने त्या प्रोजेक्टचा सांभाळणारा म्हणून असलेलं स्वतःचं नाव काढून टाकायचा बदल मंजुरीसाठी पाठवला होता.

बोटं आखडायला लागली तेव्हा त्याने आपली सगळी जुनी उत्तरं, नकार आणि भांडणं मशीनला शिकवून स्वतःचा प्रतिनिधी बसवला होता. कोणीही सुचवलेले बदल आता तोच तपासून घ्यायचा किंवा नाकारायचा. पण माणसाचा अंगठा उमटल्याशिवाय मशीनचा निर्णय लागू होत नसे, त्यामुळे विश्रामची सुटका काही झाली नव्हती.

"झालं का रे?" मृदुलाने विचारलं. तिने दोघांची बॅग दाराशी आणून ठेवली होती.

"नाकारलं."

"कोणी?"

"मीच."

तिने वाकून वाचलं. ‘बदलाबद्दल आभार. पण यापुढे हे कोण सांभाळणार, ते लिहिलेलं नाही. कोणी मिळेपर्यंत मी बघतो.’

हे शेवटचं वाक्य ती लग्नापासून ऐकत आली होती.

"तुझा अंगठा नाही लागला अजून," ती म्हणाली. "त्याचा नकार मान्य नाही म्हण आणि ऊठ."

विश्रामने उत्तर पुन्हा एकदा सावकाश वाचलं.

"बरोबर आहे गं त्याचं," तो म्हणाला, आणि त्याने अंगठा टेकवला.

मृदुलाने बॅग उचलून आत नेली.