भवानीची उधारी

नाणी बंद होऊन बारा वर्षं झाली, तरी दिवसाची पहिली विक्री, म्हणजे भवानी, तुळसा कोळणीला रोखच लागे. पैसे जमा झाल्याचं यंत्र वाजलं की ती त्यालाच नमस्कार करायची.

"अण्णांना आज दुपारी इस्पितळातून सोडतायत," नलिनीवहिनी म्हणाल्या. "आल्याआल्या बांगड्याचं तिखलं हवंय म्हणे. चार दे, आणि शिळे नकोत."

"शिळं तुम्ही नेलंय का कधी?" तुळसा हसली.

वहिनींनी यंत्रावर अंगठा टेकवला. अण्णा आणि वहिनी, नवराबायकोचं खातं एकच होतं आणि सगळ्यांच्या खात्यांसारखं ते मालकांच्या नाडीला जोडलेलं होतं. पडदा तुळसाच्या बाजूला होता. त्यावर अक्षरं उमटली: 'खाते बंद. खातेदार पुरुषाची नाडी थांबली, ७:४२.'

आत्ता ७:४३ झाले होते. इस्पितळाचा फोन अजून यायचा होता.

तुळसानं पडद्यावर हात ठेवला. "यंत्र रुसलंय, वहिनी. न्या तशीच मासळी. पैसे मागनं द्या."

वहिनी पिशवी उघडता उघडता थांबल्या.

"भवानीला उधार? सख्ख्या बहिणीला दिलं नाहीस तू कधी."

तुळसानं हात तसाच पडद्यावर दाबून धरला.

"हात काढ," वहिनी हळूच म्हणाल्या. "आणि काय लिहिलंय ते वाचून दाखव. मी चष्मा आणलेला नाही."