पिवळी क्रेन

डॉक्टरांनी रोबोचं डोकं छातीत ढकललं आणि त्यांच्या बायकोने डोळे मिटले. उघडून पाहिलं तर काहीच तुटलं नव्हतं. डोकं आत गेलं होतं, छाती जागच्या जागी होती.

"आता हात," डॉक्टर म्हणाले.

समोर भाचा बसला होता. तोही दातांचाच डॉक्टर. मामांना अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांचा दवाखाना तोच चालवत होता. दुखणं हत्तीच्या पायाने येतं आणि मुंगीच्या पायाने जातं म्हणतात, पण डॉक्टरांच्या उजव्या हातात बसलेली मुंगी जागची हलायला तयार नव्हती. चमचा धरता यायचा, शर्टाचं बटण लावता यायचं नाही. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मग हे खोकं आणून दिलं. आत प्लास्टिकच्या चौकटी, चौकटींना लगडलेले तुकडे. रंग द्यायचा नाही, चिकटवायचं नाही. एका तुकड्याच्या खुंट्या दुसऱ्याच्या भोकांत बोटांनी दाबून बसवायच्या, की झाला रोबो. भाचा म्हणाला होता, "मामा, हा उजव्या हाताने एकट्याने जोडा. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातली खुर्ची तुमची." डॉक्टर कबूल झाले होते.

पहिल्या दिवशी त्यांना एकही तुकडा बसवता आला नाही. बोटं घसरायची, तुकडा टेबलाखाली जायचा. ते उठून भिंतीकडे तोंड करून झोपले. बायकोला ते बघवलं नाही. आयुष्यभर तिने दवाखान्यात त्यांच्या शेजारी उभं राहून हातात हत्यारं दिली होती. तिने तिथली बारीक कात्री काढली आणि चौकटीवरच्या तुकड्यांच्या खुंट्या अर्ध्याहून आखूड केल्या, एकजात सगळ्या. दुसऱ्या दिवशी तुकडा बोट लावताच आत गेला. मग रोज दुपारी ते जोडायचे आणि ती समोर भाजी निवडत बसायची. हळूहळू पाय झाले, धड झालं, खांदे झाले. रोबो उभा राहिला.

तिची चूक एवढीच, की खोक्यावर रोबोशेजारी क्रेनचं चित्र होतं आणि ती दुसऱ्या खेळण्याची जाहिरात असेल असं तिने धरलं होतं. काल रात्री जेवताना डॉक्टर म्हणाले, "उद्या याची क्रेन करून दाखवतो." तेव्हा तिला त्या चित्राचा अर्थ कळला. नुसता उभा राहणारा रोबो आखूड खुंट्यांवर जन्मभर उभा राहिला असता. पण त्याला वळवायचा, दुमडायचा, हातपाय उलटे फिरवायचे म्हणजे तो हातातच सुटणार.

आणि सुटला नाही तर? रोबो पुरा झाल्याचं ऐकताच भाच्याने उत्साहाच्या भरात उद्या सकाळचा पेशंटही ठरवून टाकला होता. पलीकडच्या गल्लीतला पोस्टमन, अक्कलदाढ, तीही आडवी. तिच्या डोळ्यांपुढे पोस्टमनचा उघडा जबडा आला आणि त्यात शिरणारा तो हात आला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली. सांगावं तर माणूस परत भिंतीकडे तोंड करणार. न सांगावं तर पोस्टमनची जीभ जाणार. शेवटी तिने सगळा भार रोबोवर टाकला. त्याने आपणहून मोडावं, म्हणजे तिला तोंड उघडायला नको.

रोबो मोडला नाही. हात पाठीमागे गेले, पाय दुमडले, पोटातून चाकं बाहेर आली. डॉक्टरांनी पाठीवरचा दांडा वर उचलला आणि टेबलावर पिवळी क्रेन उभी राहिली.

"झकास!" भाचा म्हणाला. त्याने क्रेन हातात घेतली, उलटीसुलटी हलवली. काही खुळखुळलं नाही. "रंगबिंग द्यायचा नाही का याला?"

"प्लास्टिकच पिवळं आहे. उगाच उपद्व्याप कशाला?"

"बरं तर. उद्या नऊ वाजता, मामा. पोस्टमन म्हणतो, दाढ काढून घेईन तर तुमच्याच हातून."

बायको उठून उभी राहिली. "अहो, मला एक सांगायचंय," ती म्हणाली. "तो हात अजून…"

"बस तू," डॉक्टर म्हणाले. त्यांनी डाव्या हाताने खिशातून दवाखान्याच्या आपल्याकडच्या किल्ल्या काढल्या आणि भाच्यापुढे ठेवल्या. "पोस्टमनची दाढ तूच काढ. त्याच्यानंतरच्यांच्याही तूच काढ."

भाच्याला काही उमजेना. "पण मामा, तुम्ही एकट्याने जोडलात ना हा?"

"खुंट्या मामीने कापून ठेवल्या होत्या. तुकडा बसताना कट् असा आवाज यायला हवा. पहिलाच आला नाही तेव्हा उलटा करून पाहिला. तिची कात्री मी ओळखत नाही होय? काल ती बाजारात गेली, तेव्हा डाव्या हाताने सगळीकडे डिंक भरला. वळणारे सांधे तेवढे सोडले. म्हटलं, तुझ्यादेखत खिळखिळा झाला तर तिलाच लागेल."

बायको मटकन खाली बसली. तिला रडू आलं, आणि रागही आला. "पहिल्याच तुकड्याला कळलं होतं, तर रोज दुपारी जोडत कशाला बसलात?"

"मी अंथरुणाला खिळल्यापासून तू हसली नव्हतीस," डॉक्टर म्हणाले. "तो तुकडा बसला आणि हसलीस. मग म्हटलं, सगळेच बसवू."