उत्तर चोवीस

"अठ्ठेचाळीस!" परशुरामने पेन्सिल आपटली. "पुस्तकात चूक आसा."

पुस्तकात मागे उत्तर चोवीस छापलेलं होतं. सुगंधाने ते पुन्हा पाहिलं. थांबलेली मोटार सुटते, शून्यापासून तिचं त्वरण दर सेकंदाला तीनने वाढत जातं, तर चार सेकंदांनंतर वेग किती? एवढंच गणित. पण सकाळपासून दोघं बहीणभाऊ त्याच्याशी झटत होती.

इंटरची परीक्षा तोंडावर आली होती. सावंतवाडीत नुकतंच कॉलेज निघालं, म्हणून सुगंधाला शिकायला मिळत होतं. परशुरामला त्यासाठी कोल्हापूर गाठावं लागलं होतं. तिथे फिजिक्समध्ये दोनदा नापास होऊन तो परतला आणि कचेरीत चिकटला. बहिणीला मात्र तो पास करणारच होता.

"चार सेकंदांनी त्वरण बारा. बारा गुणिले चार. सूत्र म्हणजे सूत्र!"

"पण दादा, सुरवातीक बारा खंय होतां? शेवटचां त्वरण पुऱ्या चार सेकंदांका कित्याक लावतंस?"

"माका शिकवतंस?"

सुगंधाचे डोळे रागाने भरून आले. तिने त्याच्यापुढची पेन्सिल ओढून घेतली. काळाची आडवी रेघ मारली. तिच्या डाव्या टोकापासून वर चढत जाणारी त्वरणाची तिरकी रेघ काढली. मग भोवतीची चौकट पुरी केली.

"तू ही सगळी चौकट मोजलंस. तिरक्या रेघेखाली आसा तितकोच मोटारीचो वेग. अर्धो."

परशुराम कागदाकडे बघत राहिला. आतून आईने चहाला हाक मारली. कुणी उठलं नाही. त्याने तो त्रिकोण बोटाने गिरवला, मग वरचा रिकामा भाग. त्याचा चेहरा उतरला.

"ह्यां माका कोणीच सांगूक नाय गो."

आपलं बरोबर आलं याचंच सुगंधाला वाईट वाटू लागलं. तिने पुस्तक मिटायला घेतलं, तसा त्याने मध्येच हात घातला.

"पुढचां गणित वाच," तो म्हणाला. "आणि उत्तर सांगा नको."