मधली कोरी जागा

"हे फुकट कशापायी?" रंभाबाईनं पुस्तकाला हात न लावताच विचारलं.

नांदे गावच्या शाळेच्या ओट्यावर सतरंजी अंथरून स्वरदानं पुस्तकं मांडली होती. लवळ्याच्या कॉलेजात शिकणारी ही पोरगी उन्हाळ्याच्या सुट्टीत गावातल्या लहान मुलांना गमतीची पुस्तकं वाचायला देत होती. सकाळपासून वीसेक घरची माणसं येऊन गेली, पोरांनी पुस्तकं उचलली, कुणी काही विचारलं नाही. रंभाबाईनं मात्र आल्या आल्या पुस्तकांच्या पिशवीवर काय छापलंय ते नातीकडून वाचून घेतलं. कुठल्या बिल्डरचं नाव निघालं नाही, तेव्हा तिचा संशय कमी व्हायच्या ऐवजी वाढलाच.

"फुकट नाही आजी, वाचायला. शाळा उघडली की परत द्यायची. घरच्यांनी रोज मुलांसोबत बसून वाचायचं, एवढीच अट."

"म्हंजी अट हाय."

नातीचं, दुसरीतल्या जान्हवीचं, या बोलण्याकडे लक्षच नव्हतं. राजकन्येचं पुस्तक तिनं उघडून मिटलं होतं, ग्रहताऱ्यांचं नुसतं हुंगून ठेवलं होतं. शेवटी तिला चष्मा लावून रिक्षात बसलेली म्हैस सापडली. ते पुस्तक तिनं छातीशी धरलं आणि ते काही केल्या सोडीना.

स्वरदानं कागद पुढे केला. वर अटीच्या दोन छापील ओळी, अगदी तळाला सहीची जागा आणि मधलं सगळं पान कोरं.

रंभाबाईचे डोळे बारीक झाले. "हे मधी कोरं का ठिवलंय?"

"वाचून झाल्यावर मुलं तिथं लिहितील. पुस्तक कसं वाटलं ते."

"सही मी आज करायची, आन् वर लिवायचं मागनं. व्हय ना?"

"हो, म्हणजे..."

"त्यो बी आसंच म्हनला हुता."

"तो कोण?" स्वरदानं विचारलं. रंभाबाईनं हनुवटीनं शाळेच्या मागं दाखवलं. तिथं बारा मजली इमारत उभी होती, गॅलऱ्यांत कपडे वाळत होते.

"त्यो आमचा माळ. अंगठा उठवीत हुते तवर जमीन हुती. मंग साक्षरतेच्या वर्गात सही शिकले. लई हौस. पयली सही त्या बिल्डरच्या कागदावं केली. त्यो बी मधी आसाच कोरा."

पोराचं पुस्तक घेऊन चपला घालत असलेला शेजारचा सोपान हसला. "काकू, पोरांची पुस्तकं हायेत ती. सातबारा न्हाई."

"तुजी सही झाली?"

"झाली की."

"मंग गप ऱ्हा."

ओढ्याकाठचं सहा गुंठ्यांचं भाताचं खाचर तेवढं आता रंभाबाईकडे उरलं होतं. या सहीनं ते जाणार नाही, असं कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी तिनं ऐकलं नसतं. आणि का ऐकावं? शपथा त्या वेळीही घेतल्याच होत्या. पण सही नाही, तर म्हैसही नाही, आणि सुट्टी अजून सगळी पडली होती.

"ठिव ते, जाने."

जान्हवीनं हात आणखी घट्ट केले. पुस्तक तिनं ठेवलं नाही.

रंभाबाईनं नातीच्या तोंडाकडे बघितलं. मग म्हणाली, "बरं. आदी लिवू दे तिला. मंग सही."

"पण आजी, वाचल्याशिवाय ती लिहिणार काय?"

"मंग वाचू दे. मला कुटं घाई हाय?" असं म्हणून ती सतरंजीवर मांडी घालून बसली.

जान्हवी बोट ठेवून वाचू लागली. म्हशीला नीट दिसत नव्हतं, म्हणून ती रोज दुसऱ्याच गोठ्यात शिरायची. मग ती रिक्षात बसून शहरात गेली, चष्मा करून घेतला, घरी आली आणि मालकाकडे बघून म्हणाली, "अगंबाई, तू असा दिसतोस होय!"

रंभाबाई तोंडाला पदर लावून हसली. "ऱ्हायली असती आंधळी तर बरं झालं असतं!" स्वरदालाही हसू आवरेना. क्षणभर तिघींनाही कागदाचा विसर पडला.

पुस्तक मिटलं तशी रंभाबाई सावरली. "हं. आता भर."

जान्हवीनं लिहिलं, 'म्हैस लय भारी.' ओळ संपली आणि खाली पान तसंच राहिलं.

"हे?" रंभाबाईनं बोट टेकवलं.

जान्हवीनं तिथं म्हैस काढली.

"आन् ह्यो कोपरा?"

रिक्षा आली. मग गोठा, मग सूर्य, मग चष्म्याचं दुकान. कागदावर इतकं काढायला तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. ती खुशीत होती. शेवटी उरलेल्या पट्टीत तिनं म्हशीचं शेपूट लांबवत लांबवत पार कडेपर्यंत नेलं. रंभाबाईनं कागद उजेडाला धरून पुढून-मागून पाहिला, मांडीवर घेतला आणि एकेक अक्षर कोरत सही केली.

स्वरदानं सुटकेचा निःश्वास टाकून हात पुढे केला. पण जान्हवीनं कागदावर पंजा ठेवला.

"थांबा ताई." ती वाकली, कागदाच्या तळाशी नाक नेऊन बघू लागली. "आजी, सहीच्या खाली बोटभर कोरं ऱ्हायलंय."

रंभाबाईनं वाकून तिथं बघितलं. तिनं पेन्सिल उचलून पोरीच्या हातात दिली.

"काय काढू? रेडकू?"

"न्हाई," रंभाबाई म्हणाली. "आता रेघ मार. सरळ मार."