हिरवे दाणे

झाडूवाल्या मावशींनी खराटा आडवा धरला, तेव्हा मॅनेजरसाहेब समोरच्या दुकानाची पाटी वाचत होते. त्यांची कुत्री ठमी रस्त्याच्या कडेला बसली की ते हीच पाटी वाचायचे. चार वर्षांत पाटीवरचं एक अक्षर बदललं नव्हतं, पण साहेबांचं वाचन काही संपत नव्हतं. कुत्रीने मागे काय ठेवलं याच्याशी आपला काडीचा संबंध नाही, हे दाखवायला माणसाला कुठेतरी बघावं लागतंच ना!

"साहेब, जरा थांबा."

"मावशी, सकाळी सकाळी कटकट नको हं. इथे दहा कुत्री फिरतात. आमच्याच ठमीचं कशावरून?"

हे बोलताना ठमी त्यांच्या पायाशीच उभी होती आणि तिचं काम नुकतंच उरकलं होतं. पण सवयीने तोंडातून निघून गेलं.

"तिचंच आहे," मावशी म्हणाल्या. "मला नका सांगू. कोपऱ्यावरच्या काळ्याचं कुठलं, डॉक्टरीणबाईंच्या जोडीचं कुठलं, झोपेतसुद्धा ओळखेन मी. रोज उचलतंय कोण? तीन दिवस झाले, हिला रक्त पडतंय. आज तर बघा काय आहे ते."

साहेबांनी खाली बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा बघितलं म्हणा ना. काळपट लाल, आणि त्यात गव्हाएवढे हिरवेगार दाणे.

"हे हिरवं काय?"

"उंदराचं औषध. गटारांपाशी आम्ही टाकतो ना, तसलंच."

तीन दिवस ठमी मरगळलेली होती. जिना चढताना मध्येच बसत होती, आणि हे आपले म्हणत होते, उन्हाने होतं असं. नोकरी सुटली होती, मुलं आपापल्या संसारात होती. दार उघडल्यावर आनंदाने अंगावर उडी मारणारं या जगात त्यांचं एवढंच एक उरलं होतं.

"कोणी घातलं?" ते एकदम गरजले. "अं? कोणी घातलं हिला विष?"

सकाळची वेळ. एकेका गॅलरीत माणसं येऊन उभी राहिली. साहेब बोट रोखून एकेकाकडे बघत होते. तळमजल्यावरच्या बाईंनी मागे त्यांच्या दारावर तक्रारीची चिठ्ठी चिकटवली होती. वरच्या मास्तरांची नात ठमीच्या घाणीत घसरून पडली होती, कपाळाला टाके पडले होते पोरीच्या. साहेबांशी बोलायला जावं तर ते वकिली करायचे, म्हणून लोकांनी त्यांचा नाद सोडला आणि त्यांच्या बायकोला धरलं. जिन्यात, दुकानात, भाजी घेताना, जो तो तिलाच ऐकवायचा. ती मान खाली घालून ऐकायची आणि घरी येऊन नवऱ्याच्या हातापाया पडायची, एकदा तरी उचला हो. हे हसण्यावारी न्यायचे. पुढे तिने खाली उतरणंच बंद केलं.

"पोलिसांत जातो! एकेकाला कोर्टात उभं करतो! मावशी, पिशवी द्या. हा पुरावा आहे."

"आधी डॉक्टरकडे न्या तिला. वेळेत नेलं तर वाचतात."

"नेतोच. पिशवी द्या आधी!"

साहेब गुडघ्यावर बसले. पिशवी कशी धरायची तेही त्यांना येईना.

"हात आत घाला. आता उचला आणि पिशवी उलटी करा. हां, अशी," मावशींनी शिकवलं. गॅलऱ्यांतून सगळे बघत होते, पण कोणी हसलं नाही.

गाठ मारून होईपर्यंत मावशी तिथेच घुटमळत राहिल्या. मग इकडेतिकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला.

"साहेब, रागावू नका. तुमच्या घरात उंदीर झालेत का?"

"आमच्या घरात? तिसऱ्या मजल्यावर? भलतंच काय!"

"नाही, विचारलं आपलं." मावशींनी खराट्याची दोरी उगाचच घट्ट केली. "तुमच्या कचऱ्याच्या डब्यात त्या औषधाची पाकिटं निघाली. सोमवारी एक आणि काल एक. दोन्ही रिकामी."

घरात माणसं दोनच. त्यांनी तर असलं पाकीट कधी हातातही धरलं नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावरचं गॅलरीचं दार उघडलं. बायको बाहेर आली. तिच्या हातात वाडगा होता. खाली रस्त्यावर गुडघ्यावर बसलेला नवरा आणि त्याच्या हातातली पिशवी तिने नीट बघून घेतली.

"आज उचललंत होय?" ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. कित्येक महिन्यांनी लोकांनी तो ऐकला.

साहेब वर बघत राहिले.

"आणा तिला वर," तिने वाडग्यावर दोनदा चमचा वाजवला. "खाणं गार होतंय."

ठमीने कान टवकारले, शेपूट हलवली आणि तीन दिवसांत पहिल्यांदाच पट्टा ओढत जिन्याकडे निघाली.