पावाच्या गाडीचा भोंगा

“काच वर कर,” सिस्टर मागच्या सीटवरून म्हणाली. पुढे बसलेल्या तोफेनं अर्धी वर होती तीही खाली केली.

खारं वारं गाडीत घुसलं. तोफेच्या गळ्यावरचा जाळीचा रुमाल उडाला आणि त्याखालचं भोक दिसलं. सिस्टरचा जन्म दवाखान्यात रुग्णांवर ओरडण्यात गेला होता. तिनं पुढे वाकून रुमाल नीट बसवला.

“श्वास आता इथून घेतेस तू. धूळ गेली आत, की मला सांगू नकोस.”

“सांगणार कशी?” गाडी चालवणारी बेकरीवाली म्हणाली आणि स्वतःच खो खो हसली. तोफही हसली. आवाज नाही, नुसते खांदे हलले.

तोफ हे नाव तिला शाळेत पडलं होतं. पुढे ती मासळीच्या बंदरावर लिलाव पुकारायला उभी राहिली आणि नावाला जागली. गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी तिचं स्वरयंत्र काढून टाकलं. दोघी मैत्रिणी तरी तिला तोफच म्हणत. दुसरं काही म्हणायला त्यांची जीभ वळत नव्हती.

एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खाली समुद्र. गाडी बेकरीवालीची, पाव पोचवायची, जुनी. तिचा हॉर्न कधीच मेला होता. वळण आलं की बेकरीवाली खिडकीबाहेर हात काढून भोंगा दाबायची. पितळेचा कर्णा, मागे रबरी फुगा. तिचा नवरा हयात असताना तोच वाजवत गल्लीगल्लीत पाव विकायचा.

चहाच्या टपरीवर त्या उतरल्या. टपरीवाल्यानं तोफेच्या गळ्याकडे पाहिलं आणि दुसऱ्या दोघींना विचारलं, “यांना साखर चालते का?”

“त्यांनाच विचारा की,” सिस्टर म्हणाली.

तो तोफेच्या कानाशी वाकला आणि ओरडला, “साखर! साखर चालते का, आजी?”

“अहो, आवाज गेलाय तिचा. कान नाही गेले,” बेकरीवाली म्हणाली.

तोफेनं दोन बोटं दाखवली. मग सिस्टरकडे बघत तिसरं उघडलं. सिस्टरनं कपाळावर हात मारून घेतला.

पुढे ते वळण आलं. शाळेत असताना त्या सायकली मारत इथवर यायच्या. इथे डोंगर आत गेला होता, वाटीसारखा. ओरडलं की आवाज परत यायचा. दोघींचा एकदा यायचा. तोफेचा दोनदा.

बेकरीवाली उतरली आणि सवयीनं तोंडाशी हात नेऊन ओरडली, “आलो गं आम्ही!” डोंगरानं ते परत दिलं. मग तिच्या लक्षात आलं. ती खाली मान घालून चपलेनं खडे ढकलू लागली.

तेवढ्यात तोफेच्या पिशवीत फोन वाजला. भाचा होता. तिनंच हाताखाली घेऊन तयार केलेला. सिस्टरनं फोन घेतला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा धरला.

“मावशी, तू काही बोलू नकोस, फक्त ऐक.”

“बोलू नकोस म्हणे,” बेकरीवाली पुटपुटली.

“संध्याकाळी बंदराच्या समितीची बैठक आहे. लिलावाच्या ओट्यावर तुझ्या जागी माझं नाव लावायचं म्हणतायत. तुझ्या भल्याचंच आहे गं. जन्मभर उभी राहिलीस, आता घरी बस. आणि खोटं कशाला बोलू, गिऱ्हाईकं बिचकतात तुझा गळा बघून. तुझी काही हरकत नाही, असं सांगतो मी त्यांना.”

सिस्टरनं फोन तोफेसमोर धरला. तोफेचे ओठ हलले. नाही. पुन्हा हलले. नाही. फोनमध्ये नुसतं वारं गेलं.

“मावशी? गप्प आहेस म्हणजे हो समजतो मी.”

सिस्टरनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. तोफेनं तिच्या तोंडावर हात ठेवला. मग ती गाडीपाशी गेली आणि तिनं भोंगा दाबला.

डोंगरानं तो परत दिला.

“एक वार,” बेकरीवाली हळूच म्हणाली.

“मावशी? काय चाललंय तिकडे? कोण वाजवतंय?”

तोफेनं एक हात वर केला. ओट्यावर उभी राहून करायची तसाच. बोली वाढवणाऱ्याला विचार करायला जेवढा वेळ द्यायची, तेवढाच दिला. मग पुन्हा दाबला.

दोन वार.

आता भाच्याला कळलं. बोलायचं ते तिसऱ्या वाराच्या आत. तिसरा पडला की सौदा मिटला, मग कुणी कितीही डोकं आपटो. हे त्याला तिनंच शिकवलं होतं.

“मावशी, थांब. अगं, थांब ना, माझं पुरतं ऐकून तरी—”

तिनं दोन्ही हातांनी फुगा आवळला. डोंगरातून आवाज दोनदा परत आला.

मग भाचा पडलेल्या आवाजात म्हणाला, “आणि भाव कसा पुकारशील?”

तोफेनं हाताची बोटं उघडून फोनसमोर नाचवली.

“बोटं दाखवतेय ती,” सिस्टर म्हणाली. “दिसत नसतील तर पहाटे ओट्यावर ये. आणि पुढे उभा राहा.” तिनं फोन बंद केला.

बेकरीवालीनं सीटखालून हत्यारांचा डबा ओढला. “सरक बाजूला. स्क्रू गंजलेत, भोंगा जपून काढायला हवा.”

“अगं, आणि वळणावर काय करणार आहेस?” सिस्टरनं विचारलं.

परतीच्या रस्त्यावर तोफ पुढच्या सीटवर बसली होती. काच पूर्ण खाली. मांडीवर भोंगा. आणि वळण आलं की बाकीच्या दोघी खिडक्यांतून माना बाहेर काढून घसा फोडून ओरडत होत्या, “गाडी येतेय, बाजूला व्हा!”